लिम्फोमा आणि सार्कोमा एकाच रुग्णात : दोन्ही गाठी एकाच आजाराच्या नाहीत, हे कसं कळतं?

‘आनंद’ हा १९७१ चा सिनेमा पाहिलेल्यांना त्यातल्या आजाराचं नाव आठवत असेल : आतड्याचा लिम्फोसार्कोमा. रमेश देव आणि सीमा देव या जोडीमुळे तो सिनेमा मराठी घरांना जरा जास्तच आपला वाटला आणि त्याच्याबरोबर हा अवघड शब्दही घरोघरी पोचला. आज मात्र माणसाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर तो जवळपास दिसत नाही. (गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे अजून चालतो.) लिम्फोसार्कोमा हे लिम्फोमाचंच जुनं नाव. शब्द जोडशब्द असला तरी आजार एकच होता.

पण क्वचित असं घडतं की ही दोन नावं खरोखरच दोन वेगळ्या आजारांची असतात आणि ते दोन्ही आजार एकाच माणसाला झालेले असतात. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी एकेकट्या, सुट्या सुट्या येतात. डॉक्टरांना त्यात रस असतो तो दुर्मीळपणामुळे. रुग्णाच्या दृष्टीने त्यातली कळीची गोष्ट वेगळी आहे. दोन बरे होऊ शकणारे आजार आहेत की एकच शेवटच्या टप्प्यातला आजार, याचा निकाल अशा वेळी एका छोट्या तुकड्यावर लागतो.

दोघांत फरक काय?

लिम्फोमा हा लसीका संस्थेचा कर्करोग. मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणी असलेल्या लसीका ग्रंथी आणि त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, हे त्याचं घर. या पेशी मुळातच शरीरभर फिरणाऱ्या, त्यामुळे लिम्फोमा एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसला तरी त्याचा अर्थ ‘हाताबाहेर गेला’ असा होत नाही. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे त्याचे दोन मोठे गट. इंग्लंडच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये पहिल्याचं वर्णन केलं. उपचारांचा मुख्य आधार औषधं, म्हणजे केमोथेरपी आणि अँटिबॉडी. शस्त्रक्रियेचं काम बहुतेक वेळा तपासणीसाठी गाठ काढण्यापुरतंच.

सार्कोमा हा आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग. हाडांचा वेगळा आणि मऊ ऊतींचा, म्हणजे चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं यांचा वेगळा. या दुसऱ्या गटाचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत, पण सगळे मिळून प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्यांचा वाटा शेकडा एकच्या आसपास. इथे मुख्य उपचार शस्त्रक्रिया, जोडीला किरणोपचार आणि काही रुग्णांना केमो. तो पसरतो तो बहुधा रक्तावाटे आणि फुप्फुसांत. लसीका ग्रंथींत जाणं हा त्याचा स्वभाव नाही. प्रौढांतल्या मऊ ऊतींच्या सार्कोमामध्ये ग्रंथींत पसरलेले रुग्ण शंभरात पाचाहून कमी असतात. सायनोव्हियल, एपिथेलिऑइड, रॅब्डोमायोसार्कोमा, अँजिओसार्कोमा असे काही प्रकार याला अपवाद.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा गुंता त्याच्याभोवतीच आहे.

डोंबिवलीतलं एक कल्पित उदाहरण

समजा, डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या पन्नाशीतल्या एका बाईंच्या मांडीत गाठ आहे. ही बाई खरी नाही, पण तिचा प्रवास ठाणे, कल्याण, डोंबिवली पट्ट्यातल्या अनेकांना ओळखीचा वाटेल. गाठ दुखत नाही म्हणून सहा महिने गेले. आधी ‘चरबीची असेल’ असं ठरलं. मग ती मोसंबीएवढी झाली, एमआरआय झाला, सुईने तुकडा काढला आणि अहवाल आला : सार्कोमा.

शरीरात आणखी कुठे काही आहे का, हे पाहायला ठाण्यात पेट-सीटी काढला. त्यात मांडी तर उजळलीच. शिवाय मान, काख आणि पोटातल्या ग्रंथीही उजळल्या. अहवालाच्या तळाशी एक ओळ : ‘ग्रंथींत पसरल्याची शक्यता.’ आता हातापायाच्या सार्कोमामध्ये ग्रंथीत प्रसार झाला, तर सध्याच्या वर्गीकरणात तो थेट चौथ्या टप्प्यात मोजला जातो. घरी परतताना लोकलमध्ये मुलाने मोबाइलवर ‘स्टेज फोर’ शोधलं, आणि त्या घरातलं पुढच्या सगळ्याचं गणित बदललं.

इथे एखादा अनुभवी डॉक्टर थांबतो. मांडीतला सार्कोमा ग्रंथीत गेलाच, तर आधी त्याच बाजूच्या जांघेतल्या ग्रंथीत जायला हवा. जांघ मोकळी सोडून तो थेट मानेत आणि काखेत कसा पोचला? फुप्फुसं स्वच्छ कशी? डॉक्टर मानेतली एक ग्रंथी पूर्ण काढून तपासायला पाठवतात. अहवाल येतो : फॉलिक्युलर लिम्फोमा. म्हणजे मांडीतला सार्कोमा मांडीतच होता, आणि ग्रंथींमधला आजार वेगळाच, संथ गतीने चालणारा. एका चौथ्या टप्प्याऐवजी दोन आजार, आणि त्यातल्या सार्कोमासाठी पूर्ण बरं करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया शक्य. दोन कॅन्सर असल्याची बातमी एकाच कॅन्सरच्या बातमीपेक्षा चांगली ठरते, अशी ही विचित्र जागा.

उलटंही होतं. लिम्फोमाचा रुग्ण केमो घेत असतो, दोन सायकलनंतर सगळ्या ग्रंथी विरघळतात, पण पाठीतली किंवा मांडीतली एक गाठ जागची हलत नाही. सगळीकडे उपयोगी पडलेलं औषध एकाच ठिकाणी निकामी ठरत असेल, तर ती गाठ त्या आजाराची आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पेट-सीटीला नाव कळत नाही

पेट-सीटीबद्दल लोकांत एक समज पक्का बसला आहे, की ही ‘सगळं सांगणारी’ तपासणी आहे. प्रत्यक्षात तिच्यात किरणोत्सारी साखरेसारखं द्रव्य टोचतात आणि जिथे पेशी जास्त साखर ओढतात ती जागा उजळते. लिम्फोमा साखर ओढतो, सार्कोमाही ओढतो. आणि आपल्याकडे फार महत्त्वाचं म्हणजे क्षयाच्या ग्रंथीही ओढतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसाबाहेरचा क्षय आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो लसीका ग्रंथींतच. जुन्या मराठीतला ‘गंडमाळा’ हा शब्द त्याचाच.

म्हणून कल्याण-डोंबिवलीतल्या दवाखान्यात मानेला गाठ घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत क्षयाचा विचार आधी होणं चूक नाही. चूक होते ती तुकडा न तपासता, केवळ अंदाजाने सहा महिने क्षयाच्या गोळ्या सुरू करण्यात. गोळ्या सुरू असताना गाठ वाढत राहते, ‘औषधाला वेळ द्या’ असं सांगितलं जातं, आणि लिम्फोमाचे महिने वाया जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते चार-आठ दिवसांत ओसरतं. त्याची भीती नको. पण तीन-चार आठवडे टिकलेली, वाढणारी, रबरासारखी लागणारी गाठ ही वेगळी गोष्ट आहे, मग ती दुखत नसली तरी. किंबहुना न दुखणाऱ्या गाठीकडेच जास्त लक्ष द्यायला हवं.

तुकडा कसा काढला, यावर बरंच काही ठरतं

लिम्फोमाचा संशय असेल तर बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, बहुधा पुरत नाही. लिम्फोमाचा प्रकार ओळखायला सुट्या पेशींबरोबर ग्रंथीची रचनाही पाहावी लागते. भिंतीतल्या चार विटा पाहून घराचा नकाशा सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण ग्रंथी काढतात, नाहीतर जाड सुईने तुकडा घेतात.

सार्कोमाचं पथ्य बरोबर उलटं : गाठ अख्खी काढायची घाई करायची नाही. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल स्नायूत असलेली किंवा वाढत चाललेली गाठ असेल, तर चाकू लावण्याआधी एमआरआय आणि मग जाड सुईचा तुकडा, तोही अशा जागेतून की पुढच्या शस्त्रक्रियेत सुईची वाट गाठीबरोबर काढून टाकता येईल. ‘चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासात काढू’ म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये काढलेली गाठ नंतर सार्कोमा निघाली, की आजूबाजूच्या ऊतींत पेशी सांडलेल्या असू शकतात. मग त्याच जागी दुसरी, पहिलीपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. मोठ्या कर्करोग रुग्णालयांतल्या सार्कोमाच्या सर्जनांना हे रुग्ण नेहमीचे आहेत. आणि काढलेली कुठलीही गाठ, कितीही साधी दिसली तरी, तपासायला पाठवायलाच हवी. ‘काढली आणि टाकून दिली’ हे उत्तर पुढच्या डॉक्टरला हतबल करतं.

तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. हाच तो ‘ब्लॉक’. त्याचे पातळ काप म्हणजे स्लाइड. साध्या रंगात लिम्फोमाच्या आणि काही सार्कोमांच्या गोल, निळसर पेशी एकमेकींसारख्या दिसू शकतात. तेव्हा उपयोगी पडते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. पेशीवरच्या किंवा पेशीतल्या ठरावीक प्रथिनांना चिकटणारी रंगीत अँटिबॉडी लावून पेशी कुठल्या कुळातली हे पाहिलं जातं. सीडी ४५ आणि सीडी २० दिसलं तर बी-लिम्फोसाइटचं कूळ, सीडी ३ दिसलं तर टी-लिम्फोसाइटचं. डेस्मिन स्नायूकडे बोट दाखवतं, एस-१०० बऱ्याचदा नसांच्या आवरणाकडे, तर चरबीच्या काही सार्कोमांत एमडीएम-२ सापडतं. एकटी कुठलीच खूण पुरावा नसते, पॅथॉलॉजिस्ट चार-सहा खुणा मिळून निष्कर्ष काढतो. दोन्ही गाठींचे तुकडे शेजारी ठेवून एकाच पॅथॉलॉजिस्टने पाहिले, तर दोन आजारांचा उलगडा लवकर होतो.

आणि नेमकं हेच आपल्याकडे अवघड होतं. सोनोग्राफी डोंबिवलीत, एमआरआय कल्याणला, पेट-सीटी ठाण्यात, एक तुकडा एका लॅबकडे, दुसरा दुसऱ्या. प्रत्येक अहवाल आपापल्या जागी बरोबर असतो, पण सगळे मिळून एका टेबलावर येत नाहीत. रुग्णाने करण्याजोगी सर्वांत उपयोगी गोष्ट त्यामुळे अगदी कारकुनी स्वरूपाची आहे : प्रत्येक लॅबमधून अहवालाबरोबर स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्यायचे, पेट आणि एमआरआयच्या सीडी जपायच्या, आणि तारखांच्या क्रमाने एकच फाइल ठेवायची. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेर झालेल्या तपासणीच्या स्लाइड पुन्हा पाहिल्या जातात. ब्लॉक हातात नसेल तर त्यासाठीच एक वेगळी फेरी होते.

एकाच माणसाला दोन्ही का होतात?

पहिलं कारण म्हणजे निव्वळ योगायोग. समजा, एक आजार वर्षाला लाखात तिघांना होतो आणि दुसरा लाखात दोघांना. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी एकाच माणसाला होण्याची शक्यता दर हजार कोटींत सहा. एकशे चाळीस कोटींच्या देशात वर्षाला सरासरी एखादा रुग्ण. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण दुर्मीळपणाची कल्पना येते. एक आजार आज आणि दुसरा दहा-वीस वर्षांनी, अशी मुभा दिली की संख्या बरीच वाढते. शिवाय एक कर्करोग झालेल्या माणसाची तपासणी इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते, त्यामुळे दुसरा गप्प बसलेला आजारही सापडतो.

दुसरं कारण उपचार. लिम्फोमासाठी, विशेषतः हॉजकिनसाठी, पूर्वी छाती आणि मानेच्या मोठ्या भागावर किरणोपचार देत. त्याच भागात अनेक वर्षांनी, बहुधा दहा किंवा त्याहून अधिक, क्वचित सार्कोमा उद्भवतो. किरणोपचारामुळे झालेला सार्कोमा कुणाला म्हणायचं, याचे निकष काहान आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्येच मांडले. किरण दिलेल्या भागातच गाठ हवी, मधे काही वर्षं गेलेली हवीत आणि नवी गाठ पहिल्या आजाराहून वेगळ्या जातीची हवी. आता किरणांचं क्षेत्र लहान आणि मात्रा कमी झाली आहे, आणि अनेकांना किरणोपचार लागतही नाहीत. हा धोका वाचून कुणी आजचे किरणोपचार नाकारू नयेत, समोरचा आजार या दूरच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी बरा झालेल्या रुग्णाने छातीवरच्या नव्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये. लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, त्यामागचं एक कारण हेच.

तिसरं कारण दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आणि विषाणू. १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी कापोसी सार्कोमात एक नवा हर्पीस विषाणू शोधला. तोच विषाणू पुढे एका दुर्मीळ लिम्फोमातही सापडला. एचआयव्हीच्या रुग्णात म्हणून दोन्ही एकत्र दिसू शकतात. कापोसी भारतात तुलनेने फारच कमी आढळतो. अवयव प्रत्यारोपणानंतर एप्स्टिन-बार विषाणूमुळे लिम्फोमा होऊ शकतो आणि तोच विषाणू क्वचित स्नायूंच्या गाठीही निर्माण करतो.

चौथं कारण जनुकीय. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशा कुटुंबांची नोंद केली, ज्यांत लहान वयात सार्कोमा, स्तनाचा कर्करोग, मेंदूच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्या येत होत्या. १९९० मध्ये त्यामागे टीपी-५३ हे जनुक असल्याचं कळलं. लिम्फोमा या यादीत वरच्या स्थानावर नाही, पण पंचेचाळिशीच्या आत सार्कोमा आणि घरात आणखी तरुण वयातले कर्करोग, असं चित्र असेल तर जनुकीय समुपदेशन घ्यावं. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये त्यासाठी विभाग आहे, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तिथे जाता येतं. या तपासणीचा उपचाराशीही थेट संबंध आहे. जनुकात दोष असेल, तर डॉक्टर शक्य तिथे किरणोपचार टाळतात.

आणि एक चकवाही आहे. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या काही रुग्णांत लिम्फोमाच्याच पेशी रूप पालटून हिस्टिओसाइटिक सार्कोमा बनल्याचं आढळलं आहे. दोन्ही गाठींत एकच जनुकीय बिघाड सापडतो. नाव सार्कोमा असलं तरी ती मऊ ऊतींची गाठ नव्हे. म्हणजे इथे दिसायला दोन आजार, पण मूळ एक. ‘आनंद’मधल्या शब्दाची आठवण करून देणारा प्रकार.

आधी उपचार कुणाचे?

याला एकच उत्तर नाही, आणि ठाम उत्तर पहिल्या भेटीत देणाऱ्यापासून जरा सावध राहावं. लवकर घात कोण करेल, हे पाहिलं जातं. लिम्फोमा संथ असेल, तर त्याच्यावर नुसतं लक्ष ठेवून आधी सार्कोमाची शस्त्रक्रिया करता येते. लिम्फोमा आक्रमक असेल, उदाहरणार्थ डिफ्यूज लार्ज बी-सेल, तर त्याची केमो लांबवणं धोक्याचं. अशा वेळी कधी आधी केमो, तर कधी झटपट शस्त्रक्रिया करून जखम भरताच केमो.

त्यात एक औषध दोन्हीकडे लागतं आणि तिथे हिशेब अडतो. डॉक्सोरुबिसिन, रुग्णांच्या भाषेत ‘लाल केमो’. हृदयाच्या स्नायूवर त्याचा परिणाम साठत जातो, म्हणून आयुष्यभराची मर्यादा दर चौरस मीटर शरीर-पृष्ठभागाला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम मानतात. लिम्फोमाच्या आर-चॉप या नेहमीच्या उपचारात दर सायकलला ५०, म्हणजे सहा सायकलींत ३०० मिलिग्रॅम. सार्कोमासाठी दर सायकलला ७५ धरले तर सहांत ४५०. बेरीज ७५०. म्हणजे दोन्ही पूर्ण अभ्यासक्रम जसेच्या तसे देता येत नाहीत. कुठे तरी काट मारावी लागते, औषध बदलावं लागतं, मधेमधे टू-डी इको करून हृदय तपासावं लागतं. लिम्फोमाचा डॉक्टर एका रुग्णालयात आणि सार्कोमाचा दुसऱ्या, आणि दोघांना एकमेकांचे कागद माहीत नाहीत, अशा स्थितीत हीच बेरीज कुणी करत नाही. म्हणून अशा रुग्णाची फाइल ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, किरणोपचार तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवायची विनंती जरूर करावी.

सार्कोमाला शस्त्रक्रियेआधी किरणोपचार द्यायचे ठरले, तर नेहमीची मात्रा पंचवीस दिवसांची असते : आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. कल्याणहून परळला रोज जायचं, तर जलद लोकल परळला थांबत नाही, दादरला उतरावं लागतं. लोकलमधला दिव्यांगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांनाही खुला आहे, त्यासाठी प्रमाणपत्र जवळ ठेवावं. किरणोपचाराची सोय ठाण्यातल्या खासगी रुग्णालयांतही आहे. आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून रोजचे किरणोपचार घराजवळ घेता येतील का, हे विचारायला हरकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. दोन आजारांचे उपचार एकाच वर्षात येणार असतील, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी सुरुवातीलाच बोलून कुठला खर्च योजनेतून आणि कधी, हे ठरवून घ्यावं.

उपचार संपल्यावरही दोन वेळापत्रकं चालू राहतात. सार्कोमासाठी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेची तपासणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी, कारण तो परतला तर बहुधा फुप्फुसात. लिम्फोमासाठी ग्रंथींची तपासणी, रक्त आणि गरजेपुरतं स्कॅन. आणि या काळात कुठेही नवी गाठ आली, तर ती दोघांपैकी कुणाची असेल असा तर्क न करता तिचाही तुकडा घेतला जातो.